ट्रॅक्टर फोटोत घ्यायचा की नाही

अकोल्याची माणसं आडवी दिसतात, अशी तक्रार आली तेव्हा मला आधी बरंच वाटलं. अमरावतीच्या माणसाला अकोल्याविषयी असं काही कानावर आलं की वाटतंच. आमच्याकडे अंबादेवी आहे, विद्यापीठ आहे, गिला वडा आहे. त्यांच्याकडे मे महिन्यातलं ऊन आहे. पण आमच्या समाजमंडळाच्या सचिवकाकांनी फोनवर खुलासा केला की माणसं उभीच आहेत, आडवी दिसतात ती आमच्या ॲपमध्ये.

"सायेब, सारे पोट्टे आडवे होऊन राह्यले. पोट्टीच्या बापानं मान वाकडी करून करून पाहाव तरी किती?"

ॲप वधू-वर परिचयाचं. समाजाचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की वऱ्हाडातला वाचक लेख बाजूला ठेवून माझं आडनाव, पोटजात आणि मामेकूळ शोधायला लागेल. मेळाव्यात वाटायची ती जाडजूड पुस्तिका आता मोबाइलवर यावी, प्रत्येकाने आपला फोटो आपण निवडावा, हवा तसा फिरवावा, कापावा आणि चढवावा, असं मंडळाचं ठरलं. हिंजवडीत वर्षानुवर्षं घासून कोरोनात गाडगेनगरला परत आलेला समाजाचा हातचा इंजिनिअर म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं मी लोकांना सांगतो. प्रत्यक्षात मीच बैठकीत उभा राहून, चष्मा काढून पुसत म्हणालो होतो, "फोटोचं काय एवढं, दोन दिवसांचं काम आहे."

आडव्या पोरांबद्दल मी सचिवकाकांना जे ऐकवलं ते तुम्हालाही ऐकवतो, कारण मला ते सांगायला आवडतं. फोनमधला कॅमेरा आत पक्का आडवा बसवलेला असतो. तुम्ही फोन उभा धरा, नाही तर आडवा धरा, तो आपला आडवंच पाहतो आणि आडवंच लिहितो. मग फोटोला एक चिठ्ठी जोडतो: दाखवताना उजवीकडे पाव फेरी द्यावी. या चिठ्ठीचं नाव एक्झिफ. जपानी लोकांनी 1995 साली हा शिरस्ता घातला. चिठ्ठीवर दिशेसाठी 1 ते 8 पैकी एक आकडा असतो. 1 म्हणजे आहे तसा. 3 म्हणजे डोकं खाली पाय वर. 6 म्हणजे उजवीकडे पाव फेरी, 8 म्हणजे डावीकडे. उरलेले चार आकडे आरशातल्या माणसांसाठी. अँड्रॉइडमध्ये फोटो उघडून देणारं बिटमॅपफॅक्टरी नावाचं एक खातं आहे. ते नुसते ठिपके वाचतं, चिठ्ठीकडे ढुंकून पाहत नाही. चिठ्ठी वाचणारं खातं वेगळं, त्याचं नाव एक्झिफइंटरफेस. या दोन खात्यांची गाठ घालून देणं हे अर्जदाराचं काम. न घातली तर कापलेला फोटो चिठ्ठीशिवाय साठवला जातो आणि चांगला कमावता मुलगा जन्मभराचा आडवा होतो.

गंमत अशी की सगळे आडवे नव्हते. ज्यांनी गॅलरीतून थेट फोटो निवडला ते आडवे. ज्यांचा फोटो मामाने व्हॉट्सॲपवर पाठवला होता ते सरळ. कारण व्हॉट्सॲप पाठवतानाच फोटो दाबून लहान करतं, त्याच झटक्यात सरळ करतं आणि चिठ्ठी फेकून देतं. हे मी सचिवकाकांना सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मामाच्या हातून आलेलं स्थळ सरळ असते. हे त आमाले पयलेपासूनच माहीत हाय."

यावर आयता इलाज होता. मूळच्या युक्रेनमधल्या यलांटिस नावाच्या कंपनीची युक्रॉप नावाची लायब्ररी फुकट मिळते. फिरवणं, कापणं, चिमटीने लहानमोठं करणं, सगळं तयार. चार ओळी लिहा आणि घरी जा. पण मी घरीच होतो, आणि मंडळाने माझं नाव पत्रिकेत 'तंत्रज्ञान मार्गदर्शक' असं छापलं होतं. मार्गदर्शकाने दुसऱ्याच्या चौकटीत आपली माणसं बसवायची? मी ठरवलं, चौकट आपण लिहायची.

2022 च्या जूनमध्ये आमच्याच अमरावती-अकोला रस्त्यावर, लोणी ते मूर्तिजापूर, 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरलं गेलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तेवढ्या वेळात माझी चौकट वरच्या डाव्या कोपऱ्यातून हलली नव्हती. बोटाने ओढायचा तो कोपरा पडद्याच्या मापाने चालतो, फोटो स्वतःच्या मापाने, आणि फोटो फिरवला की उंची रुंदी होते, रुंदी उंची होते. आधी फिरवून मग कापलं तर डोकं येतं. आधी कापून मग फिरवलं तर मागची भिंत येते. एका संध्याकाळी सलग भिंतीच येत होत्या. सगळ्या पोपटी. वऱ्हाडात उपवर मुलं असलेली घरं कोणत्या रंगाची असतात यावर मी आता अधिकारवाणीने बोलू शकतो.

त्यातून फोटो जरासा तिरका असेल आणि सरळ करायचा असेल तर कोपऱ्यात काळे त्रिकोण उघडे पडतात. ते झाकायला फोटो वाढवावा लागतो. चौरस फोटो 5 अंशांनी फिरवला तर साधारण 8 टक्के वाढवायचा, 45 अंशांनी फिरवला तर 41 टक्के. नववीत ज्या साइन-कोसाइनचा 'पुढे काय उपयोग' म्हणून मी सरांना छळलं होतं, तेच इथे कामाला आले. म्हणजे तिरका माणूस सरळ करायचा तर त्याच्या कडेचं थोडं जाणारच. मी हा सिद्धांत मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितला. ती भाजी निवडत होती. "म्हणूनच तर मी तुम्हाला सरळ करायच्या भानगडीत पडले नाही," ती म्हणाली. "आधीच कडेला काय उरलंय?"

तिचा रोख माझ्या डोक्याकडे होता.

आणखी एक सांगतो आणि तांत्रिक भाग संपवतो. फोटो फोनमध्ये पडून असतो तेव्हा तो रुईच्या गाठीसारखा दाबून बांधलेला असतो. 170 किलोची गाठ जिनिंगच्या आवारात गपगुमान बसते. पट्ट्या तोडून घरात सोडली तर घरच्यांना ओसरीवर झोपावं लागेल. 12 मेगापिक्सेलचा फोटो तीन-चार एमबीचा दिसतो, पण कापायला उघडला की 4000 गुणिले 3000 ठिपके आणि दर ठिपक्याला 4 बाइट, म्हणजे 4 कोटी 80 लाख बाइट. पूर्ण 108 मेगापिक्सेलने काढला असेल तर 43 कोटी. स्वस्तातला फोन तिथेच मान टाकतो. म्हणून फोटो उघडतानाच लहान करून उघडायचा असतो. सचिवकाकांच्या भाषेत, "मोठ्या घरची पोरगी हाय, जरा दबकतच दार उघडा."

चाचणीसाठी चेहरा हवा म्हणून मी माझाच घेतला. माझ्या लग्नाच्या वेळचा स्टुडिओतला फोटो आहे. हनुवटीखाली हात, नजर दूर कुठेतरी, बहुधा चिखलदऱ्याकडे. फोटो उघडल्याबरोबर चौकट आपोआप चेहऱ्यावर कुठे बसावी, हे मी या फोटोवरून ठरवलं. चेहरा सगळ्यात खुलून दिसतो ती वरची कड भुवयांच्या दोन बोटं वर येते, असं माझ्या लक्षात आलं. हे सौंदर्यशास्त्र आहे. त्याच्या वर माझ्या बाबतीत दाखवण्याजोगं काही तेव्हाही फारसं नव्हतं, हा निव्वळ योगायोग. पण ॲप चालू झाल्यावर वऱ्हाडातल्या तमाम मुलींचे भांग, गजरे आणि पार्लरमध्ये घातलेले अंबाडे चौकटीबाहेर गेले, आणि एका आईने फोन केला, "अहो भाऊ, केसांचेच तर हजार रुपये घेतले त्या बाईनं!" मी कड वर सरकवली. सौंदर्यशास्त्राला लोकाश्रय लागतो.

कापण्याच्या कलेत मी ज्यांच्यापुढे हात टेकतो ते फ्लेक्सवाले. विषय निघालाच आहे तर थोडं सांगू द्या.

राजकमल चौकात उभं राहून वर पाहा. आभाळ दिसलं तर समजावं, आज कोणाचाही वाढदिवस नाही. एरवी दहा बाय आठच्या फ्लेक्सवर मधोमध भाऊ असतात: गॉगल, पांढरा शर्ट, मनगटात कडं, चालत येताना थबकलेले. वर ज्येष्ठांची रांग, खाली शुभेच्छुकांची पलटण. या पलटणीतलं प्रत्येक मुंडकं वेगवेगळ्या लग्नातून कापून आणलेलं असतं. म्हणून वाढदिवस एकाचा असला तरी कोणाच्या डोक्यावर फेटा असतो, कोणाच्या भुवईवर अक्षता अडकलेली असते आणि कोणाच्या कानामागे बायकोच्या साडीचा काठ राहिलेला असतो. मी गाडी बाजूला लावून हे काठ पाहत बसतो. जरीचा असेल तर लग्न सख्ख्या भावाचं, सुती असेल तर लांबच्या नात्यातलं.

हे कापतो तो दुकानातला विशीचा पोरगा. एका हातात खर्रा, दुसऱ्या हातात माउस. फोटोशॉपचं पेन टूल घेऊन कानाच्या पाळीवरून अशी रेघ फिरवतो की मी पाहतच राहिलो. मी हिंजवडीची भाषा वापरून त्याला विचारलं की चेहरे ओळखण्यासाठी कुठलं तंत्र वापरतोस. तो म्हणाला, "वळखा कायले लागते? ज्यानं पैसे देल्ले तो मोठा." त्याच्या डोक्यात सगळा जिल्हा मापांसकट बसलेला आहे. कोणाचं मुंडकं कोणाच्या खांद्याच्या वर जाता कामा नये, कोणते दोघं शेजारी नकोत, मागच्या निवडणुकीपासून कोण कोणाच्या खाली आला आहे. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक तणतणत आलं.

"आमचं डोस्कं इतलुसं काहून?"

"भाऊ, तुमी आधारकार्डावरचा फोटो धाडला. वाढवला त फाटते."

"फाटू दे. वाढव."

मी हसलो खरा, पण आमच्या कॉलनीच्या गणपतीच्या फ्लेक्सवर 'विशेष सहकार्य' या ओळीत माझंही मुंडकं आलं तेव्हा मी रोज त्याच कोपऱ्यावरून दूध आणायला जाऊ लागलो, घरात दूध असतानाही. फ्लेक्सखाली थांबून मोबाइल पाहायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वर आणि खाली ताडून पाहता यावं. कोणी ताडेना. शेवटी डेअरीवाल्याने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ते तुमचे मोठे बंधू काय?" मी दिलेला फोटो सेल्फी होता, आणि पुढचा कॅमेरा पडद्यावर आरशासारखं दाखवतो आणि काही फोन तसंच साठवून ठेवतात. माझ्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर गेला होता. दहा वर्षं जास्तीची कुठून आली, ते त्या पोराला ठाऊक.

या फ्लेक्सचं पुढे काय होतं माहीत आहे? ते गावोगाव जातात. परतीचा पाऊस आला की सोयाबीनच्या गंजीवर भाऊ गॉगलसकट पालथे पडतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेतकऱ्याच्या कामी येतात.

असो. फ्लेक्सवाल्यांवर माझा राग नाही. माझा राग गोल फोटोवर आहे. चौरसातून गोल कापला की 21 टक्क्यांहून जास्त भाग कोपऱ्यांसह जातो. आणि आमच्याकडच्या माणसांचं जे काही असतं ते कोपऱ्यातच असतं. गाडगेबाबांची समाधी आमच्या वस्तीत, त्यामुळे निम्म्या ग्रुपांवर बाबांचा फोटो. हातात खराटा, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच. गोलात बसवले की उरते दाढी. नव्याने ग्रुपमध्ये आलेली सून विचारते, हे आजोबा कोणाकडचे? स्वच्छता समितीच्या ग्रुपवर खराटा नाही, तसा तो स्वच्छता समितीच्या बैठकीलाही कोणी आणत नाही, तो भाग वेगळा. तुकडोजी महाराजांची खंजिरीही अशीच गोलाबाहेर वाजत राहते. ज्याने कुठेतरी लांब बसून ठरवलं की माणूस म्हणजे गोलात मावेल तेवढा, त्याला मोझरीला आणून एकदा सामुदायिक प्रार्थनेला बसवलं पाहिजे. मी ॲपमध्ये गोल ठेवला नाही. उभा आयत ठेवला, तीनास चार, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मग तो फोटो आला.

दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधलं, खारपाणपट्ट्यातलं गाव. मुलगा उभा, त्याच्या डाव्या अंगाला ट्रॅक्टर, मागे तूर. ट्रॅक्टर इतका नवा की सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच. आमच्या ॲपमध्ये मूळ फोटोला आम्ही हात लावत नाही. तो अख्खा ठेवतो आणि चौकटीचे चार आकडे व फिरवण्याचा कोन तेवढा शेजारी लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा मन बदललं तर सोय. त्यामुळे कोणाची चौकट कधी हलली ते मला मागून दिसतं. या फोटोची चौकट रोज दोनदा हलत होती. सकाळी तिची कड येऊन मुलाच्या खांद्याला टेकायची, ट्रॅक्टर बाहेर. रात्री जेवणाच्या सुमारास ती पुन्हा काठापर्यंत जायची, ट्रॅक्टर आत. एकदा घाईत अर्धीच सरकली. त्या दिवशी मुलाच्या कानामागून मोठ्या चाकाचं मडगार्ड आणि त्याला टांगलेलं लिंबू-मिरची तेवढं डोकावत राहिलं.

मी कोडमध्ये दोष शोधत बसलो होतो, तेवढ्यात वडिलांचा फोन आला. "सायेब, तुमची मशीन रोज आमचा टॅक्टर खाऊन राह्यली. काहून कापता? त्याच्याच भरोशावर त पोट्टं उभं हाय."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा, हळू आवाजात. "काका, बाबाले सांगू नका. मीच काढतो. टॅक्टर दिसला का शेतीवाला हाय म्हून समजते, अन् फोटो पुढं ढकलतात."

ढकलतात हे खरं आहे. ते बोट मला मागून दिसतं. नोकरीवाला पाहिजे, वर शेतीही पाहिजे, पण मुलीने शेतात जायचं नाही, ही अट आता छापल्यासारखी येते. मुलींना मी दोष देत नाही. बोंडांच्या टोकांनी आईची बोटं सोललेली जिने दर दिवाळीत पाहिली आणि जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही अशा गावांची नावं जिला पाठ आहेत, तिने शेताकडे पाठ फिरवली तर तिला कोणत्या तोंडाने बोलायचं? पण त्या पोराने रोज सकाळी उठून, अंघोळीच्या आधी, आपल्या बापाचा ट्रॅक्टर बोटाने फोटोबाहेर सरकवायचा, आणि मी केलेल्या चौकटीने त्याला ते इतकं सोपं करून द्यायचं, याची मला चीड येते. कोणाची, ते नीट सांगता येत नाही.

माझ्या स्वतःच्या बायोडेटात 'शेती अकरा एकर' असं ठळक छापलं होतं. त्या शेतावर मी फोटो काढायला जातो. ट्रॅक्टरवर बसलेला, गळ्यात दुपट्टा, चेहऱ्यावर मातीशी नातं असल्याचा भाव. त्या फोटोला हिंजवडीतून भरभरून बदाम येतात. महिन्याच्या एक तारखेला पगार येत असला की ट्रॅक्टर शोभून दिसतो.

मी ॲपमध्ये दुसऱ्या फोटोची जागा केली. मुलाला सांगितलं, पहिला तुझा, तुला हवा तसा काप. वडिलांना सांगितलं, दुसरा तुमचा. वडील खूश झाले. त्यांनी त्याच रात्री तोच फोटो पुन्हा चढवला आणि चौकट दुसऱ्या बाजूने अशी बरोबर आणून टेकवली की मुलगा जवळजवळ अख्खा बाहेर गेला. आता दुसऱ्या फोटोत एकटा ट्रॅक्टर आहे, समोरून, आणि कडेला पोराचं एक कोपर.

मुलगा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पदविका झालेला आहे. निर्व्यसनी, सहा एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न झालेलं. गावचं पाणी खारं आहे, ते लपवत नाही. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा आहे, तोही लपवत नाही. आपल्या पाहण्यात एखादी मुलगी असेल आणि तिच्या घरच्यांना ट्रॅक्टर चालत असेल, तर मंडळाकडे जरूर कळवावं. मामामार्फत कळवलं तरी चालेल. फोटो सरळ आहे, मी स्वतः पाहिला आहे.